प्रत्येक डिस्क एकटीने सुरू झाली पाहिजे

वाचकाचे पत्र: माझ्या डेस्कटॉप संगणकात तीन डिस्क आहेत. १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज ११ आहे, ५०० जीबीच्या साटा एसएसडीवर लिनक्स मिंट आहे आणि २ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर घरातली सगळी छायाचित्रे आहेत. लिनक्स आधीपासून होते. एनव्हीएमई डिस्क घेतल्यावर विंडोज नंतर टाकले. मध्यंतरी लिनक्सची एसएसडी तपासण्यासाठी काढली, तर विंडोज सुरूच होईना. बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा संदेश आला. एसएसडी परत जोडताच सगळे पूर्ववत झाले. दोन सिस्टीम वेगळ्या राहाव्यात म्हणून तर मी वेगळ्या डिस्क वापरल्या होत्या, मग असे का व्हावे? आता जुने लिनक्स पुसून नवी आवृत्ती टाकायची आहे आणि शिकण्यासाठी हार्ड डिस्कच्या रिकाम्या अर्ध्या भागात फ्रीबीएसडी ही आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आहे. हे कोणत्या क्रमाने करावे, आणि इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्क खरोखरच काढून ठेवाव्या लागतात का?

सप्रेम नमस्कार.

इतर काहीही करण्याआधी एक विनंती आहे: लिनक्सची एसएसडी आत्ता पुसू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्याच एसएसडीवर आहेत, हे जवळजवळ निश्चित आहे. नव्या लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती डिस्क पूर्ण पुसायला सांगितली, तर त्या फायलीही जातील आणि एनव्हीएमईवरचे विंडोज जागच्या जागी शाबूत असूनही सुरू होणार नाही. तुमचे जुने लिनक्स पुसण्याचे काम या सगळ्या क्रमात बरेच नंतर येते.

असे का झाले, ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे. अलीकडच्या संगणकांच्या मदरबोर्डवर यूईएफआय नावाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला प्रोग्राम, असते. संगणक चालू केला की हे फर्मवेअर डिस्कवरचे एक छोटे पार्टिशन शोधते, ज्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असते आणि विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत त्याचा आकार साधारण १०० एमबी एवढाच असतो. सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम (बूटलोडर), म्हणजे विंडोजचा बूट मॅनेजर, लिनक्सचा ग्रब किंवा फ्रीबीएसडीचा लोडर, हे सारे आपापल्या फोल्डरांत याच पार्टिशनमध्ये राहतात. एका पार्टिशनमध्ये अनेक सिस्टीमचे फोल्डर गुण्यागोविंदाने नांदू शकतात, आणि नेमकी इथेच गफलत होते. विंडोजचा इन्स्टॉलर सुरू झाला, की संगणकात असे पार्टिशन आधीच आहे का, हे तो पाहतो; ते दुसऱ्या डिस्कवर सापडले तरी तो स्वतःच्या बूट फायली तिथेच ठेवतो आणि ज्या डिस्कवर विंडोज टाकायचे आहे, तिच्यावर नवे पार्टिशन करण्याच्या भानगडीत पडत नाही. तुम्ही विंडोज टाकत असताना लिनक्सची एसएसडी जोडलेली होती. म्हणजे घर नव्या जागी बांधले, पण त्याची किल्ली शेजाऱ्याकडे राहिली.

हा दोष एकट्या विंडोजचा नाही. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर, जो लिनक्स मिंटनेही वापरला आहे, तोही बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा हे तुम्ही निवडले तरी पुष्कळदा त्या निवडीकडे दुर्लक्ष करून पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच फायली ठेवत असे. त्यामुळे उलट प्रकारही घडतो: विंडोजची डिस्क बदलली आणि लिनक्स बंद पडले. यासाठीच मी वेगळ्या डिस्कवरच्या मांडणीला एकच कसोटी लावतो. प्रत्येक डिस्क, बाकीच्या सगळ्या काढून ठेवल्या असताना, एकटीने सुरू झाली पाहिजे. ती होत नसेल, तर डिस्क वेगळ्या असूनही सिस्टीम एकमेकींत अडकलेल्याच आहेत आणि वेगळ्या डिस्कचा मुख्य फायदा, म्हणजे एक बिघडली, बदलली किंवा पुसली तरी दुसरीला धक्का न लागणे, तुमच्या पदरात पडलेला नाही.

माझा अंदाज खरा आहे का, ते विंडोजमधूनच पाहता येईल. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ असे लिहिलेला तुकडा कोणत्या डिस्कच्या ओळीत दिसतो, ते पाहा. तो फक्त ५०० जीबीच्या डिस्कच्या ओळीत असेल आणि १ टीबीच्या डिस्कच्या ओळीत नसेल, तर शंकेला जागा उरत नाही. त्याच वेळी सिस्टीम इन्फर्मेशन या खिडकीत ‘बायोस मोड’ समोर ‘यूईएफआय’ लिहिले आहे, याचीही खात्री करून घ्या. विंडोज ११ ची अधिकृत अटच यूईएफआयची असल्यामुळे तुमच्याकडे तसेच असणार, पण पुढे लिनक्सही त्याच पद्धतीने टाकायचे आहे म्हणून हे पाहून ठेवलेले बरे.

आता तयारीबद्दल. छायाचित्रांची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतीतल्या काही फायली उघडून पाहा. तुमच्या पत्रात या प्रतीचा उल्लेख नाही, म्हणून थोडे आग्रहाने लिहितो: एकाच संगणकातली तिसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, आणि पार्टिशनच्या कामात चुकीची डिस्क निवडली जाण्याची भीती अनुभवी माणसालाही असते. जुन्या लिनक्समधले होम फोल्डरही याच वेळी बाजूला काढून ठेवा.

दुसरी तयारी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची. विंडोज ११ च्या संगणकांवर, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केलेल्या संगणकांवर, डिस्कचे एन्क्रिप्शन वापरकर्त्याच्या नकळत सुरू झालेले असू शकते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे आणखी सर्रास होते. एन्क्रिप्शनची किल्ली संगणकातील टीपीएम या सुरक्षा घटकात असते आणि संगणक नेहमीच्याच मार्गाने सुरू झाला आहे, असे दिसले तरच टीपीएम ती किल्ली देते. बूट फायलींची जागा बदलली किंवा सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) बंद केले, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर डिस्कवरचा मजकूर कायमचा बंद होतो. म्हणून सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असल्यास ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर उतरवून घ्या, आणि काम सुरू करण्याआधी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करा. तुमच्या विंडोजच्या आवृत्तीत स्थगितीचा पर्याय नसेल, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन सरळ बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. सगळे काम झाल्यावर ते पुन्हा चालू करता येते.

तिसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होतेच असे नाही; सिस्टीमचा गाभा डिस्कवर जतन करून ते एका प्रकारे गाढ झोपी जाते, जेणेकरून पुढच्या वेळी लवकर उठता यावे. एकच सिस्टीम असलेल्या संगणकावर हे चालते. दोन सिस्टीम असतील, तर विंडोजने अर्धवट उघडी ठेवलेली एनटीएफएस (विंडोजची फायली साठवण्याची पद्धत) पार्टिशने लिनक्सला दिसतात, आणि लिनक्स ती नुसती वाचण्यापुरती जोडते किंवा जोडायचेच नाकारते. ते नाकारते हे तुमचे नशीबच समजा, कारण अशा अवस्थेत तिथे लिहिले गेले तर विंडोज जागे झाल्यावर त्याच्या स्मरणातली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क यांत मेळ राहत नाही आणि फायली खराब होतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडीवरच्या विंडोजला त्यामुळे सुरू व्हायला लागणारा वेळ फारसा जाणवणार नाही.

एवढे झाले की मुख्य दुरुस्ती: विंडोजला त्याच्या स्वतःच्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन करून देणे. तीनही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह सुमारे ३०० एमबीने लहान करा. मोकळ्या झालेल्या जागेत डिस्कपार्ट या साधनाने ईएफआय प्रकारचे पार्टिशन तयार करा; २६० एमबी आकार सर्व प्रकारच्या डिस्कना पुरतो. ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्याला एक तात्पुरते ड्राइव्ह अक्षर द्या. त्यानंतर बीसीडीबूट या साधनाला तीन गोष्टी सांगायच्या असतात: विंडोजचे फोल्डर कुठे आहे, बूट फायली कोणत्या अक्षराच्या पार्टिशनवर ठेवायच्या, आणि त्या यूईएफआय पद्धतीच्या हव्यात. दोन्ही साधने विंडोजमध्येच असतात, ती प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायची असतात आणि त्यांचे नेमके आदेश मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर दिलेले आहेत. ते तिथूनच अक्षरशः उतरवून घ्या.

डिस्कपार्ट वापरताना कमालीची सावधगिरी बाळगा. डिस्क निवडताना तिच्या क्रमांकावर विसंबू नका. आधी यादी मागवा, आकार पाहा, १ टीबीची डिस्क कोणती ते निश्चित करा आणि मगच ती निवडा. त्या साधनात ‘क्लीन’ नावाचा एक आदेश आहे, जो निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशने काहीही न विचारता पुसून टाकतो. तुमच्या कामात त्याची गरज कुठेही नाही. एखाद्या लेखात किंवा चित्रफितीत तो पहिल्याच पायरीला सांगितलेला दिसला, तर ती कृती कोऱ्या डिस्कसाठी आहे, असे समजून सोडून द्या.

आता संगणक पूर्ण बंद करा, वीजपुरवठ्याची वायर काढा, साटा एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्हींच्या केबल सोडवा आणि केवळ एनव्हीएमई डिस्कवर संगणक सुरू करून पाहा. फर्मवेअरच्या यादीत जुनी नोंद नाहीशी झालेली असली तरी काळजीचे कारण नाही, कारण बीसीडीबूट बूट फाइलची एक प्रत ईएफआय पार्टिशनमधल्या अशा ठरावीक जागीही ठेवते, जिथे कोणतीच नोंद नसताना यूईएफआय आपणहून शोध घेते. विंडोज सुरू झाले, तर तुमच्या मूळ तक्रारीचे निवारण झाले. सुरू झाले नाही, तर घाबरून काही पुसू नका; लिनक्सची एसएसडी परत जोडली की विंडोज पूर्वीप्रमाणेच चालेल आणि मधल्या पायऱ्या पुन्हा तपासता येतील. त्या एसएसडीला आत्तापर्यंत हात न लावण्याचे कारण हेच होते.

इथून पुढे लिनक्स. इतर डिस्क खरोखरच काढाव्या लागतात का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि काटेकोर उत्तर ‘नाही’ असे आहे. नीट माहिती असलेला माणूस सगळ्या डिस्क जोडलेल्या ठेवूनही काम बिनचूक करू शकतो. तरीही माझा सल्ला काढून ठेवण्याचाच आहे. जोडलेलीच नसलेली डिस्क कोणताही इन्स्टॉलर पुसू शकत नाही आणि तिच्यावर बूट फायलीही टाकू शकत नाही. दहा मिनिटांच्या कष्टांत याहून भक्कम हमी मिळत नाही. साटा डिस्कची केबल काढणे सोपे आहे. एनव्हीएमई डिस्क एका बारीक स्क्रूने बसवलेली असते आणि कधी कधी ती उष्णता शोषणाऱ्या पट्टीखाली किंवा ग्राफिक्स कार्डाखाली असते, त्यामुळे ती काढणे जिकिरीचे होते. काही मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये ती खाच किंवा साटाचा पोर्ट तात्पुरता बंद करण्याची सोय असते, ती आहे का ते पाहा.

ती सोयही नसेल आणि डिस्क काढणेही शक्य नसेल, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून ‘ट्राय’ (न बसवता वापरून पाहण्याच्या) अवस्थेत संगणक सुरू करा. जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन उघडा, विंडोजच्या ईएफआय पार्टिशनवरील ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ या खुणा तेवढ्यापुरत्या काढा आणि मग इन्स्टॉलर चालवा. खूण नसल्यामुळे इन्स्टॉलरला ते पार्टिशन ईएफआयचे म्हणून ओळखता येत नाही आणि तो आपले पार्टिशन नेमून दिलेल्या डिस्कवरच करतो. काम झाल्यावर खुणा परत लावायला मात्र विसरू नका. हा उपाय चालतो, पण त्यात लक्षात ठेवण्यासारखे एक काम वाढते, म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे.

इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह सुरू करताना फर्मवेअरच्या बूट मेनूत तो कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहून. दुसरी नोंद निवडा. पहिली निवडल्यास लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने बसते आणि मग एका सिस्टीमसाठी एक पद्धत व दुसरीसाठी दुसरी, अशी कायमची ओढाताण मागे लागते. लिनक्सच्या डिस्कखेरीज आता दुसरी डिस्क जोडलेली नसल्यामुळे इन्स्टॉलरला ती पूर्ण पुसून वापरायला निश्चिंतपणे सांगा. जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता, ईएफआय पार्टिशन आणि बाकीची मांडणी तो स्वतः करेल. हाताने पार्टिशने आखण्यात तुमच्या गरजेपुरता तरी काही लाभ नाही. लिनक्स एकट्याने सुरू होते हे पाहिल्यावर संगणक बंद करा आणि बाकीच्या डिस्क परत जोडा.

इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही, तर फर्मवेअरमध्ये डिस्कचा नियंत्रक रेड किंवा व्हीएमडी अवस्थेत आहे का, ते पाहा. ते बदलण्यासाठी मात्र घाई करू नका, कारण विंडोज ज्या अवस्थेत टाकले गेले ती अचानक बदलली, तर ते सुरू होताना अडखळते. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदल करावा लागतो.

दोन सिस्टीममधून निवड कशी करायची, याबाबत माझे मत रूढ पद्धतीपेक्षा थोडे वेगळे आहे. बहुतेक जण ग्रबचा मेनू वापरतात, म्हणजे संगणक आधी लिनक्सच्या डिस्ककडे जातो आणि तिथून विंडोजकडे. वेगळ्या डिस्कच्या मांडणीत मला हे पटत नाही. मेनू लिनक्सच्या डिस्कवर असल्यामुळे ती बिघडली, की नेहमीचा मार्ग बंद होतो आणि आपण कष्टाने काढून टाकलेले परावलंबन मागच्या दाराने परत येते. शिवाय ग्रबमार्गे सुरू झालेल्या विंडोजला आपण नेहमीच्या वाटेने आलो नाही हे टीपीएमच्या नोंदींवरून कळते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टीमचा शोध घेण्याची सोय मूळ प्रकल्पानेच सुरक्षेच्या कारणावरून आपोआप चालू ठेवणे थांबवले आहे, हेही लक्षात घ्या. त्यापेक्षा फर्मवेअरमध्ये जी सिस्टीम तुम्ही अधिक वापरता तिची डिस्क पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि दुसरी हवी असेल तेव्हा संगणक चालू करताच बूट मेनूची कळ दाबा. ती कळ मदरबोर्डानुसार एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप अशी काहीतरी असते. रोज चार वेळा सिस्टीम बदलणाऱ्याला ही कळ कंटाळवाणी वाटेल हे मान्य आहे, पण तुमच्या पत्रावरून तुमचा वापर तसा दिसत नाही.

डिस्क पूर्ण वेगळ्या केल्या तरी काही गोष्टी सामाईक राहतातच, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे लोक नंतर गोंधळतात. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरील फर्मवेअरची स्मृती. कोणत्या डिस्कवर कोणता बूटलोडर आहे आणि त्यांचा क्रम काय, हे तिथे लिहिलेले असते आणि प्रत्येक सिस्टीमला तिथे लिहिण्याची मुभा असते. म्हणून एखाद्या मोठ्या अपडेटनंतर क्रम बदललेला आढळू शकतो, फर्मवेअर अद्ययावत केल्यावर नोंदी पुसल्या जाऊ शकतात आणि काही मदरबोर्ड काढलेल्या डिस्कची नोंद लगेच विसरतात. डिस्कवरचे काहीही गेलेले नसते. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम पुन्हा लावला की बहुतेक वेळा काम भागते. लिनक्सची नोंदच नाहीशी झाली, तर पेन ड्राइव्हवरून सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा लागतो, म्हणून इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला लावू नका.

याच सामाईक स्मृतीचा एक ठळक प्रसंग ऑगस्ट २०२४ मध्ये घडला. विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित लिनक्स बूटलोडर अडवणारी एक नोंद फर्मवेअरमध्ये लिहिली. दोन सिस्टीम असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, परंतु कित्येक संगणकांवर दुसरी सिस्टीम ओळखली गेली नाही आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या त्या संगणकांवर लिनक्स सुरू व्हायचे थांबले. ही नोंद कोणत्याही डिस्कवर नसून मदरबोर्डवर होती, म्हणून लिनक्स वेगळ्या डिस्कवर असणे हे त्यापासून संरक्षण नव्हते. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करावे लागते आणि ती नोंद काढून बूटलोडर अद्ययावत करावा लागतो. यातून तुमच्यापुरते घेण्यासारखे एवढेच, की लिनक्स महिनोन् महिने न उघडता पडून राहू देऊ नका. अधूनमधून सुरू करून त्याची अपडेट्स घ्या.

घड्याळही सामाईक आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवते. त्यामुळे एकीतून दुसरीत गेल्यावर वेळ काही तासांनी पुढे-मागे झालेली दिसते आणि फायलींवरच्या वेळाही चुकतात. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते, ते एका आदेशाचे काम आहे. पण ऋतूनुसार घड्याळ बदलणाऱ्या प्रदेशात दोन्ही सिस्टीम आपापल्या परीने तोच एक तास सरकवतात. म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्यालाच यूटीसी पाळायला लावणे मला अधिक योग्य वाटते.

छायाचित्रांची हार्ड डिस्क दोन्ही सिस्टीममधून वापरायची असेल, तर ती एनटीएफएसमध्येच राहू द्या. २०२१ च्या ५.१५ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच तिच्यासाठी लिहिता-वाचता येणारा ड्रायव्हर आहे. लिनक्सचे होम फोल्डर मात्र तिच्यावर ठेवू नका. फायलींवरचे अधिकार लिनक्स ज्या पद्धतीने सांभाळते, ती पद्धत एनटीएफएसवर सरळपणे चालत नाही. आणि एक सिस्टीम हायबरनेट करून दुसरी कधीही सुरू करू नका. फास्ट स्टार्टअपबद्दल वर जे लिहिले, ते सगळे इथेही लागू आहे. फरक इतकाच, की या वेळी ती अवस्था तुम्ही स्वतः निवडलेली असते.

शेवटी फ्रीबीएसडी. शिकण्याची तुमची इच्छा मनापासून आवडली, पण त्यासाठी छायाचित्रांची डिस्क वापरण्याला माझा ठाम विरोध आहे. फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरमधला झेडएफएस या फाइल सिस्टीमचा आपोआप मांडणीचा पर्याय अख्खी डिस्क ताब्यात घेतो. अर्धी डिस्क राखून अर्धी द्यायची, तर पार्टिशने हाताने आखावी लागतात, आणि नव्याने शिकणाऱ्याने ते काम घरातल्या छायाचित्रांशेजारी बसून करू नये. शिवाय फिरती हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा फार संथ असते आणि त्या संथपणाचे खापर विनाकारण नव्या सिस्टीमवर फुटते.

आणखी एक अडचण आहे. विंडोज आणि मिंट दोन्ही सिक्युअर बूट चालू ठेवून सुरू होतात. फ्रीबीएसडीसाठी मात्र ते सामान्यतः बंद करावे लागते. विंडोज ११ ते बंद असतानाही चालते, पण बिटलॉकर चालू असेल तर तो की मागू शकतो, आणि काही ऑनलाइन खेळ सिक्युअर बूटशिवाय चालत नाहीत. म्हणून सुरुवात नव्या लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) करून त्यात करा. ४ जीबी मेमरी आणि ३० जीबी आभासी डिस्क दिली, तरी पॅकेज बसवणे, जेल (प्रोग्राम वेगळे ठेवणारे बंदिस्त कप्पे) तयार करणे, झेडएफएसचे स्नॅपशॉट घेणे हे सगळे तिथे नीट शिकता येते आणि बिघडले तर एक फाइल पुसून नव्याने मांडता येते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि वाय-फाय यांसारख्या खऱ्या उपकरणांशी फ्रीबीएसडी कसे जुळते, ते मात्र कळत नाही. तो टप्पा आला, की त्याच्यासाठी वेगळी लहान एसएसडी घ्या, बिटलॉकर स्थगित करून सिक्युअर बूट बंद करा, बाकीच्या तिन्ही डिस्क सोडवा आणि मगच इन्स्टॉलर सुरू करा.